‘इनटू द स्पायडर-व्हर्स’ची ४के डिस्क : आधी टीव्ही सुधारा, मग उडी बघा

‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ची डिस्क लावली की पहिल्या दहा मिनिटांत दोन तक्रारी हमखास येतात. एक म्हणजे ‘हे अडखळतंय का?’ आणि दुसरी, ‘मागचं सगळं थ्रीडीचा चष्मा काढून बघितल्यासारखं दुहेरी का दिसतंय?’ डिस्क परत करायला निघण्याआधी थोडं थांबा. दुहेरीपणा मुद्दाम ठेवलेला आहे. अडखळण्यातलाही निम्मा भाग मुद्दाम आहे. उरलेला निम्मा तुमच्या टीव्हीचा प्रताप आहे, आणि तो बंद करता येतो.

चित्रपट डिसेंबर २०१८चा. दिग्दर्शक तिघे : बॉब पर्सिकेटी, पीटर रॅमसे आणि रॉडनी रॉथमन. ॲनिमेशन सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सचं, लांबी ११७ मिनिटं, आणि २०१९मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर. ब्रुकलिनच्या माइल्स मोरालेसची, म्हणजे नव्याने स्पायडर-मॅन होणाऱ्या मुलाची गोष्ट एव्हाना बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे ती इथे पुन्हा सांगत नाही. मात्र पुढे प्रसंगांची चिरफाड आहे, काकाच्या गुपितासकट. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी सेटिंगपुरतं वाचावं आणि थांबावं.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. संगणकावर केलेल्या ॲनिमेशनमध्ये साधारणपणे प्रत्येक फ्रेमला पात्राची नवी पोझ असते. ॲनिमेटर याला ‘ऑन वन्स’ म्हणतात. या चित्रपटाचा मोठा भाग ‘ऑन टूज’ आहे, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम धरून ठेवायची. सेकंदाला पोझ उरतात १२. त्यावर मोशन ब्लरही काढून टाकला आहे. एरवी झपकन फिरलेला हात फ्रेममध्ये धूसर होतो आणि डोळ्याला ती हालचाल सलग वाटते. इथे हात प्रत्येक फ्रेममध्ये रेखीव आहे, कॉमिकच्या चौकटीतल्यासारखा. कुठेही पॉज दाबा, समोर छापायला देता येईल असं चित्र असतं. (हा नाद लागला की ११७ मिनिटांचा चित्रपट तीन तासांत संपतो, याची तयारी ठेवा.)

आता टीव्हीकडे येऊ. जवळजवळ प्रत्येक नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते. सोनीत तिचं नाव मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी, आणि जुन्या सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस. टीव्ही शेजारच्या दोन फ्रेम ताडून पाहतो आणि मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घुसवतो. क्रिकेटला हे ठीक आहे. इथे मात्र एकाच पोझच्या दोन फ्रेम सारख्या असतात, त्यांच्यामध्ये बनवायला काही नसतं. पुढची पोझ आली की टीव्ही तेवढ्या फटीत घाईघाईने मधली हालचाल भरतो. मग पात्र गुळगुळीत सरकतं, थबकतं, परत सरकतं, परत थबकतं. लोक ज्याला ‘अडखळणं’ म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. वर बोटांच्या आणि जाळ्याच्या कडेने पाण्यासारखी थरथर दिसते, कारण पोझमधलं अंतर मोठं असल्यामुळे टीव्हीचा अंदाज चुकतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे. टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. मेन्यूत आत जाऊन मोशनची सेटिंग खरोखर बंद आहे ना ते पाहा, कारण काही टीव्ही सिनेमा मोडमध्येही ती थोडी चालू ठेवतात. मग नॉईज रिडक्शन आणि त्याचे सगळे भाऊबंद बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण या चित्रपटात चेहऱ्यांवर आणि भिंतींवर छपाईचे बारीक ठिपके आहेत आणि टीव्ही त्यांना कचरा समजून पुसतो. शार्पनेस तटस्थ आकड्यावर ठेवा. तो आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो; सोनीत साधारण ५०, म्हणून सरसकट शून्य करू नका. चित्र पडद्याच्या कडांबाहेर ताणलं जात नाही ना तेही बघा : एलजीत ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगमध्ये ‘फिट टू स्क्रीन’. ताणलेल्या चित्रात ठिपक्यांची जाळी बिघडते आणि नसलेल्या लहरी दिसू लागतात.

प्लेअरमध्ये २४पी आउटपुट (सेकंदाला २४ फ्रेम तशाच पाठवणारं) चालू हवं. ज्या एचडीएमआय खोबणीत प्लेअर जोडला आहे तिला टीव्हीकडून पूर्ण सिग्नलची परवानगी द्यावी लागते, नाहीतर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) येतच नाही आणि माणूस डिस्कला नावं ठेवतो. सॅमसंगमध्ये ती ‘इनपुट सिग्नल प्लस’ नावाने सापडेल, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. प्लेअरबद्दलही एक नेहमीची फसगत : प्लेस्टेशन ४ प्रो ४के गेम दाखवतं, पण ४के डिस्क वाचत नाही. डिस्कवालं प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन एस, वन एक्स आणि सिरीज एक्स वाचतात. ४के डिस्कला रिजनची, म्हणजे ठरावीक देशांतच चालण्याची भानगड नाही, परदेशातून कुणी आणली तरी चालते.

एक गंमत ६० हर्ट्‌झच्या टीव्हीवाल्यांसाठी. २४ फ्रेम ६० मध्ये बसवताना टीव्ही एक फ्रेम तीनदा दाखवतो, पुढची दोनदा. त्यामुळे सलग सरकणारा कॅमेरा लंगडतो. पण टूजवरची पोझ दोन फ्रेमची, म्हणजे तीन अधिक दोन, दर वेळी बरोब्बर पाच. पात्र समान ठेक्यात चालतं आणि मागचं शहर लंगडतं. १२० हर्ट्‌झच्या पॅनेलवर प्रत्येक फ्रेम पाचदा येते आणि हा प्रश्न मिटतो.

सेटिंग तपासायला सर्वात चांगला प्रसंग जंगलातला. अल्केमॅक्सच्या प्रयोगशाळेतून माइल्स आणि पीटर बी. पार्कर (दुसऱ्या विश्वातून आलेला मुरलेला स्पायडर-मॅन) संगणक उचलून पळतात, मॉनिटरसकट, आणि झाडांमधून झोके घेत माइल्स जाळं टाकायला शिकतो. पीटर बहुतांशी वन्सवर आहे, माइल्स टूजवर. एकाच फ्रेममध्ये एक जण सराईत आणि दुसरा अर्ध्या पोझवर धडपडतोय. संवादात कुणी ‘तू नवशिका आहेस’ म्हणत नाही, तरी ते दिसतं. मोशन सेटिंग चालू असेल तर दोघेही सारखेच गुळगुळीत होतात आणि प्रसंगातला विनोदच जातो. बंद करून परत पाहा. फरक कळला नाही तर सेटिंग बंद झालेली नाही.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. ‘माइल्स संपूर्ण चित्रपट टूजवर आहे आणि उडीनंतर वन्सवर जातो’ असं सगळीकडे छातीठोक लिहिलेलं दिसतं. ऐकायला छान, पण इतका कडक नियम नाही. एकाच शॉटमध्येही ॲनिमेटर गरजेप्रमाणे वन्स-टूज बदलतात. जंगलातला भेद मात्र ठरवून केलेला आहे.

कोळी चावल्यानंतरचा भाग दुसऱ्या कारणासाठी लक्षात राहतो. चावण्याआधी पडदा साध्या सिनेमासारखा आहे. चावल्यानंतर माइल्सचे विचार पिवळ्या चौकटीत लिहून येऊ लागतात आणि आवाजाचे शब्द हवेत उमटतात. कॉमिकची भाषा त्याच्या अंगात भिनते आणि ती पुढे उतरत नाही. प्रयोगशाळेतून पळताना भिरकावलेला बेगल (कड्यासारखा पाव) एकाच्या डोक्यावर आदळतो आणि आदळल्या जागी चक्क ‘बेगल’ हा शब्द उमटतो. पॉज-बहाद्दरांचं हे आवडतं ठिकाण. दुसरं ठिकाण म्हणजे स्पायडर-मॅनचा पोशाख विकणारा म्हातारा दुकानदार. तो स्टॅन ली, स्पायडर-मॅनच्या जनकांपैकी एक. चित्रपट पडद्यावर येण्याच्या महिनाभर आधी, १२ नोव्हेंबर २०१८ला ते वारले. पोशाख मापात बसला नाही तर परत देता येईल का, असं माइल्स विचारतो आणि दुकानदार म्हणतो, तो कधी ना कधी बसतोच. मग मागची पाटी दिसते : माल परत घेतला जाणार नाही. अशी पाटी असलेली दुकानं आपल्याला नवी नाहीत.

आवाजाची परीक्षा प्राउलर या मुखवटाधारी खलनायकाकडून करून घ्या. ४के डिस्कवर डॉल्बी ॲटमॉस ट्रॅक आहे. प्राउलर येताना हत्तीच्या चीत्कारासारखा एक विकृत सूर येतो, तो संगीतकार डॅनियल पेंबर्टनने घडवलेला. साउंडबारवर ‘नाइट मोड’ किंवा आवाज सपाट करणारी कुठलीही सोय चालू असेल तर हा सूर नुसता भोंगा वाटतो. ती बंद करा, सबवूफर दोन घरं खाली आणा आणि मग ऐका. खोली हादरायला नको, पण पोटात खड्डा पडायला हवा. पेंबर्टनने वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण डीजेच्या हातून रेकॉर्डसारखं पुढे-मागे घासून घेतलं आहे. ती खरखरही बिघाड नव्हे. पुढे याच प्राउलरच्या मुखवट्याखाली आरन काका निघतो. गच्चीवर माइल्सचा चेहरा ओळखून तो हात आवरतो, तेव्हा त्या सुराची जागा शांतता घेते. भीती ज्याच्या आवाजाची वाटत होती तो माणूस घरचाच, हे आधी कानाला कळतं.

मग दार. पीटरने माइल्सला वसतिगृहाच्या खोलीत खुर्चीला जाळ्याने जखडून ठेवलंय, तोंडही बंद. बाहेर वडील जेफरसन दारावर थाप मारून बोलू लागतात. मुलगा गप्प आहे म्हणजे रागावलाय असं त्यांना वाटतं. मध्ये एक साधं दार, आणि सुपरहिरोपटातला सर्वात चांगला प्रसंग जवळजवळ हालचालीशिवाय पार पडतो. इथे चेहऱ्यांकडे लक्ष द्या. भुवयांजवळ, नाकाच्या कडेला त्रिमितीय चेहऱ्यावर रेघा ओढलेल्या आहेत, शाईने ओढाव्यात तशा, आणि भाव बदलला की त्या बदलतात. ५५ इंची टीव्ही साडेपाच ते सात फुटांवरून पाहिला तरच त्या नीट दिसतात. चित्र २.३९:१ मापाचं असल्यामुळे पडद्याचा चौथा हिस्सा काळा राहतो. ५५ इंची पडद्यावर खऱ्या चित्राची उंची जेमतेम २० इंच उरते. दहा फुटांवर सोफा असेल तर पुढे सरका, एरवीच्या ठिकाणाहून अर्धी मेहनत वाया जाते.

आणि उडी. ती कळायला आधीची फजिती आठवावी लागते. माइल्स उंच इमारतीवर चढतो, खाली बघतो, घाबरून उतरतो आणि बुटक्या इमारतीवरून प्रयत्न करायला जातो. बुटाची नाडी सुटलेली. नाडी सुटलीय असं कुणी म्हटलं की ‘ठाऊक आहे, मुद्दाम ठेवलीय’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. ती नाडी नेमकी तिथे पायात येते, तो पडतो आणि खलनायक किंगपिनचं विश्वं जोडणारं यंत्र बंद करायची चावी मोडते. पहिली उडी म्हणजे शुद्ध नामुष्की.

दुसऱ्या वेळी तो उंच इमारतीच्या काचेला चिकटून बसलाय. स्प्रेने रंगवलेला काळा पोशाख, वर जॅकेट, हाफपँट आणि पायात तेच बूट. तो झेप घेतो तेव्हा काच फुटते आणि तुकडे त्याच्या बोटांबरोबर निघतात. हे तुकडे फ्रेम-फ्रेम करून पाहा. तो घाबरला की बोटं सुटत नाहीत, हे चित्रपटाने आधीच शिकवलेलं आहे. म्हणजे उडी मारतानाही तो घाबरलेलाच आहे. भीती गेली म्हणून त्याने उडी मारलेली नाही. हे सांगायला एकही शब्द खर्च केलेला नाही, फक्त काच. मग कॅमेरा उलटा होतो. शहर वर, आकाश खाली, आणि कोसळणारा मुलगा चौकटीत वर चढताना दिसतो. पटकथेतच तसं लिहिलेलं आहे : तो पडत नाहीये, चढतोय. ब्लॅकवे आणि ब्लॅक कॅव्हियरचं ‘व्हॉट्स अप डेंजर’ हे गाणं इतका वेळ दबा धरून असतं, ते इथे मोकळं सुटतं.

या प्रसंगात एचडीआरचे पैसे वसूल होतात. काळा पोशाख, रात्रीचं शहर, लाल जाळी. बॅकलाइट कमी पडणाऱ्या स्वस्त पॅनेलवर पोशाखाची घडी काळ्यात बुडते. तसं झालं तर ब्राइटनेसला हात लावू नका, अनेक टीव्हींत तो काळ्या रंगाची पातळी उचलतो आणि रात्र करडी होते. टीव्हीतलं एचडीआर टोन मॅपिंग चालू करा आणि खोलीतला दिवा घालवा.

आता दुहेरी चित्राबद्दल. एरवी सिनेमात लांबची वस्तू लेन्समुळे धूसर होते. इथे तसं न करता लाल-निळे रंग बाजूला सरकवले आहेत. जुन्या रंगीत छपाईत एका रंगाची प्लेट जरा हलली की ओठांची लाली गालावर यायची, तसंच. नजर जिथे जायला हवी ती जागा जुळलेली असते, बाकीची सुटलेली. त्यामुळे चित्राच्या कडांकडे बघत बसलात तर डोकं दुखेल. शेवटच्या लढाईत रंग अखंड झगमगतात. फिटचा त्रास असलेल्यांनी तो भाग टाळलेला बरा.

‘स्ट्रीमिंगवर आहेच की, डिस्क कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर याच लढाईत आहे. ४के स्ट्रीमिंगला सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट मिळतात. ४के डिस्कची कमाल मर्यादा शंभराच्या पुढे जाते. व्हिडिओ दाबून लहान करण्याचं तंत्र एका गृहीतावर चालतं : पुढची फ्रेम मागच्या फ्रेमसारखीच असणार. इथे ठिपके, तडे आणि रंग प्रत्येक पोझला बदलतात, गृहीतच कोसळतं. मग स्ट्रीमिंगवर ठिपक्यांचा चिखल होतो आणि रंगांचे चौकोनी ठोकळे दिसतात. जंगल, दार, उडी हे प्रसंग स्ट्रीमिंगवरही बऱ्यापैकी टिकतात. शेवटची पंधरा-वीस मिनिटं टिकत नाहीत.

सोबतच्या मालात दिग्दर्शकांची कॉमेंट्री आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. ‘आल्टरनेट युनिव्हर्स मोड’ची जाहिरात मोठी, पण वस्तू बेताची : गाळलेले प्रसंग कच्च्या रेखाटनांच्या रूपात मूळ चित्रपटात घुसवले आहेत. शिकणाऱ्या ॲनिमेटरला सोनं; घरच्यांना घेऊन बसाल तर तासाभरात एकटे उराल. डुक्कररूपी स्पायडर-हॅमची छोटी फिल्म हसवते आणि संपते.

उणीवही सांगायला हवी. नॉयर, पेनी आणि हॅम हे इतर विश्वांतले स्पायडर-वीर फार उशिरा येतात. तिघांची चित्रशैली वेगवेगळी आणि एकाच खोलीत उभी, हे डोळ्यांना भारी. पण पात्र म्हणून ते विनोदापुरते. किंगपिनचा चौकोनी काळा पहाड, कॉमिक चित्रकार बिल सिएन्केविचच्या चित्रांवरून घेतलेला, दिसायला जबरदस्त आहे. त्याच्या दुःखाला मात्र दोनच आठवणी मिळतात.

२०२३चा दुसरा भाग, ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’, १४० मिनिटांचा आणि सेटिंगबाबत आणखी हट्टी. त्यात स्पायडर-पंकच्या अंगाचे आणि कपड्यांचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने हलतात. मोशन सेटिंग चालू असेल तर तो माणूस नुसता लापशी होतो. आपल्याकडे तो दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र ओतलेलं ‘मुंबॅटन’ हा त्यातला सर्वात भरगच्च भाग. तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर २००४च्या भारतीय कॉमिकमधून आलेला, आणि शहराच्या रंगरेषा इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलेल्या. ज्यांच्या घरी वेताळाचे मराठी अंक पडलेले असत त्यांना तो सपाट, किंचित सुटलेला रंग लगेच ओळखू येईल. ‘चाय टी’ म्हणणाऱ्या माइल्सला पवित्र झापतो तो विनोद गाजला. पण खरी मजा मागच्या रहदारीत आणि पाट्यांच्या गर्दीत आहे, आणि ती पॉज केल्याशिवाय हाती लागत नाही.

पहिल्या भागाची डिस्क नामावली सुरू झाली म्हणून काढू नका. अगदी शेवटी मिगेल ओ’हारा हा भविष्यातला स्पायडर-मॅन १९६७च्या टीव्ही कार्टूनमध्ये जाऊन उतरतो आणि दोन स्पायडर-मॅन एकमेकांकडे बोट दाखवून भांडतात. ते जुनं कार्टून काटकसरीचं, चित्र हलायचंच कमी. तरी तुमच्या टीव्हीवर तिथलं बोट लोण्यासारखं फिरलं, तर पुन्हा मेन्यूत जा; मोशनची सेटिंग अजून चालूच आहे.